लेकीच्या बॅडमिंटन क्लबबद्दल, आठ महिन्यांनंतर

लेक नऊ वर्षांची. या क्लबची ज्युनियर बॅच पूर्णपणे स्वयंसेवक चालवतात. पहिले तीन आठवडे स्मॅशचं नाव नाही! नुसती पकड, स्प्लिट स्टेप (समोरचा शटल मारत असतानाच घ्यायची छोटी उडी) आणि शटलशिवाय कोर्टाच्या सहा टोकांना जाऊन मध्यावर परतणं. मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटलं होतं. पण एकेरीत आपल्या वाट्याला 6.7 मीटर लांब, 5.18 मीटर रुंद जागा येते. पाय वेळेवर पोचले नाहीत तर मनगट काय करणार? आता बॅकहँडला तिचा अंगठा आपोआप रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर जातो.

शिकवणाऱ्या ताई नोकरीवरून थेट हॉलवर येतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं सरावासाठी लहानांकडे शटल फेकतात. त्यांतल्या एकाने माझ्या रडवेल्या लेकीसोबत वीस मिनिटं फक्त सर्व्हिस केली, ते मी विसरणार नाही.

तक्रार एकच: ताई आजारी पडल्या की बॅच रद्द, आणि निरोप ऐनवेळी. दुसरा प्रशिक्षक तयार करायलाच हवा. सगळा भार एकीवर नको. मी शनिवारी नेट बांधायला आणि हजेरी घ्यायला जाऊ लागलोय.