एसक्यूएल सर्व्हरचं फुल रिकव्हरी मॉडेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

मत आधीच सांगतो: एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधली ही व्यवस्था, जी डेटातल्या बदलांच्या नोंदी (लॉग) त्यांचा बॅकअप होईपर्यंत जपून ठेवते, भरवशाची आहे, पण या लॉगचे वेगळे बॅकअप लावले तरच. रोज फुल बॅकअप (पूर्ण डेटाबेसची प्रत) होतोय म्हणून निर्धास्त राहणारे बरेच असतात. फुल बॅकअपने लॉगमधली जागा मोकळी होत नाही. ते काम लॉग बॅकअपचं. तो नसेल तर एलडीएफ फाइल (लॉगची फाइल) डिस्क संपेपर्यंत वाढते, ९००२ नंबरची एरर येते आणि लिहिणं बंद पडतं. वाचणं चालूच राहतं, त्यामुळे बोंब जरा उशिरा होते.

दर १५ मिनिटांचा लॉग बॅकअप, तोही वेगळ्या मशीनवर, हे वेळापत्रक छान बसलं. कालच्या बॅकअपवर परत जाणं चालणार असेल, तर मात्र हा खटाटोप कशाला? सरळ सिंपल मॉडेल ठेवा, त्यात लॉग बॅकअप नसतातच.

लॉग फुगला की आधी सिस.डेटाबेसेसमधला (सर्व्हरवरच्या डेटाबेसांची यादी) लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा कॉलम बघायचा; लॉगमधली जागा का सुटत नाही ते तो सांगतो. तिथे लॉग_बॅकअप असेल तर बॅकअपचा जॉब तपासा. ॲक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन (अजून उघडं असलेलं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) असेल तर लॉग बॅकअप कितीही घ्या, जागा सुटणार नाही; सिंपल मॉडेलमध्येही नाही. डीबीसीसी ओपनट्रॅन चालवलं की सर्वांत जुन्या उघड्या ट्रान्झॅक्शनचा एसपीआयडी (सेशनचा नंबर) आणि सुरू झाल्याची वेळ कळते. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे क्लायंटचा टाइमआउट. क्वेरी थांबते, पण बिगिन ट्रॅनने उघडलेलं ट्रान्झॅक्शन तसंच लटकतं. प्रोसिजरच्या सुरुवातीला सेट एक्सॲक्ट_अबॉर्ट (XACT_ABORT) ऑन लिहिलं की टाइमआउटबरोबर रोलबॅकही होतो, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जातात. ही एक ओळ बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

मोठं ट्रान्झॅक्शन किल केलंत तर रोलबॅकला वेळ लागतोच. घाईने सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. तेच काम मग रिकव्हरीत (डेटाबेस पुन्हा सुरू होतानाच्या दुरुस्तीत) होतं आणि तोवर डेटाबेस उघडेलच असं नाही.

जुना डेटा काढताना डिलीट टॉप (४०००), म्हणजे एका वेळी ४,००० ओळी, लूपमध्ये, प्रत्येक फेरीला वेगळा कमिट (बदल पक्के करणं). साधारण ५,००० लॉकच्या पुढे पूर्ण टेबलावर लॉक जाऊ शकतो, म्हणून आकडा त्याखाली. एकूण लॉग तेवढाच लिहिला जातो, पण मधल्या लॉग बॅकअपमुळे जागा पुन्हा वापरता येते. मात्र सगळा लूप बाहेरच्या एखाद्या ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर आतल्या कमिटने फक्त ट्रॅनकाउंट (उघड्या ट्रान्झॅक्शनांची मोजणी) एकाने उतरतो, बाकी काही नाही.

आता श्रिंक, म्हणजे फाइल आकाराने लहान करणं. रोज रात्री श्रिंकफाइल चालवणारा जॉब दिसला तर काढून टाका. सकाळी फाइल पुन्हा वाढते, नवी जागा शून्यांनी भरेपर्यंत लिहिणं अडतं. इंडेक्स रीबिल्डला लागतो तेवढा लॉग आधीच देऊन ठेवावा. वाढ टक्क्यांत नको, एमबीत ठरवा. २०१६ पूर्वी डिफॉल्ट १० टक्के होता, नंतर ६४ एमबी झाला. २०२२ आवृत्तीत ६४ एमबीपर्यंतची आपोआप होणारी वाढ शून्य न भरता होते, तेव्हा तिथे तो आकडा बदलू नये. एकदाच श्रिंक करायचं असेल आणि फाइल हलत नसेल, तर शेवटचा व्हीएलएफ (लॉग फाइलचा आतला तुकडा) वापरात असतो. लॉग बॅकअप घेऊन पुन्हा करा.

सिंपलवर नेऊन परत फुलवर आणायची युक्ती लॉगची साखळी (सलग लॉग बॅकअपची मालिका) तोडते. केलीच, तर लगेच फुल किंवा डिफरेन्शियल बॅकअप (मागच्या फुलनंतर बदललेलं तेवढंच) घ्या; तोवर लॉग बॅकअप होतच नाहीत.