टिरो मराठी फॉन्ट + स्क्रायबस: पुस्तक लावायला चालतंय का? चालतंय की!

काकांच्या लूमवरच्या आठवणींचं पुस्तक लावतोय, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवतोय. मजकूर मराठी, पण सोलापूरचा माणूस बोलायला लागला की मधेच तेलुगू येतं, मधेच सिद्धरामेश्वरांचं कन्नड वचन येतं, आणि काकांचा हट्ट की ते त्या त्या लिपीतच छापायचं. म्हणून टिरो देवनागरी मराठी फॉन्ट आणि पानं लावायचं सॉफ्टवेअर स्क्रायबस १.६ घेतलं, दोन्ही फुकट.

फॉन्ट लै देखणा आहे राव. मूर्ती क्लासिकल लायब्ररी या जुन्या भारतीय साहित्याच्या ग्रंथमालेतल्या पुस्तकांसाठी जी अक्षरं काढली होती त्यावरनं हा आलाय, म्हणजे मुळातच छापील पानासाठीचा. ल आणि श आपल्या वळणाचे, हिंदीसाठीचा टिरो वेगळा असतो तो चुकून उतरवू नका. कुठलाही फॉन्ट घेताना गुऱ्हाळ, सुऱ्या, वाङ्मय असले शब्द टाकून कागदावर प्रिंट काढून बघायचं, सुऱ्याचा सुर्या झाला की फॉन्ट बाद! इथं सगळं नीट येतं. टिरो कन्नड आणि टिरो तेलुगूपण आहेत, त्यामुळे ओळीत लिपी बदलली तरी पाहुणा आल्यासारखं वाटत नाही.

पण बोल्ड नाहीच, फक्त रेग्युलर आणि इटॅलिक. सॉफ्टवेअरकडनं खोटं बोल्ड करून घेऊ नका, बारीक अक्षराच्या पोटात शाई भरते. मी प्रकरणांच्या नावांना मुक्ता नावाच्या दुसऱ्या फॉन्टचा एक्स्ट्राबोल्ड लावलाय, बरा जमतो. आणि ओळींमध्ये अंतर सढळ ठेवा, मी १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंटची ओळ ठेवलीय, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भांडतात.

स्क्रायबसचं १.४ घेऊ नका, त्यात जोडाक्षरं मोडतात. पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्याला फ्रेमा (मजकुराच्या चौकटी) जोडणं लगेच कळेल, सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ पण निघते. फक्त अख्खं पुस्तक एकाच फाईलीत ओढलं की रांगायला लागतं, म्हणून प्रकरणागणिक वेगळी फाईल केली, कटकट आहे पण चालतंय. इनडिझाईन असेल तर उत्तमच (भाडं भरायची तयारी पाहिजे), त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय) तेवढा चालू करा.

आमचा डीटीपीवाला अजून म्हणतोय, युनिकोड नको, जुन्या (युनिकोडच्या आधीच्या) फॉन्टात द्या. म्हटलं पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड आहे, म्हणजे आतच भरलेला आहे, तुम्ही प्लेट काढा की!