शेतीवाल्या घरानं दशांश द्यावा की मनात ठरवून अर्पण?

सोयाबीन निघालं, कापसाचा पहिला चुकारा हातात आला की चर्चच्या मंडळीतल्या नव्या घरांचा एक प्रश्न ठरलेलाच राहते, की दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, द्यावाच लागते का हो. दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते द्यावाच लागते नाहीतर देवाला लुबाडलं, दुसरी म्हणते तो जुना नियम गेला आता जे मनाला येईल ते द्या. मी मंडळीचा हिशोब सांभाळतो त्यामुळं दोन्ही बाजूचे पैसे कसे येतात अन् कसे आटतात ते बघून राहिलो, म्हणून लिहितो.

आधी दशांश. ह्या बाजूचं वचन म्हणजे बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकातलं 3:10, सगळा दशमांश भांडारात आणा. पेंटेकॉस्टल अन् स्वतंत्र मंडळ्यांमध्ये हेच जास्त ऐकू येते. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट लोकांची तर यासाठी पक्की व्यवस्थाच आहे, त्यांचा दशांश गावच्या चर्चमध्ये राहत नाही, वर कॉन्फरन्सला, म्हणजे त्यांच्या विभागाच्या कचेरीला जाते अन् त्यातून पाळकांचे, म्हणजे पास्टर लोकांचे पगार निघतात, गावच्या चर्चचा खर्च वेगळ्या अर्पणातून. कॅथलिक चर्चमध्ये ठराविक टक्का नाही, चर्चच्या गरजा ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणं भागवाव्या एवढंच सांगितलेलं आहे. सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे 1970 ला आपल्या नागपुरातच स्थापन झालेलं चर्च, तिथं बऱ्याच ठिकाणी मासिक वर्गणी, रविवारची थैली अन् हंगामाचा सण, म्हणजे शेतमाल अर्पण करून त्याचा लिलाव, असं चालते.

दशांशाचा फायदा खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आकडा आधीच ठरलेला असल्यानं दर वेळेस मनाशी घासाघीस करावी लागत नाही. नोकरीवाल्याला तर एकदम सोपं, 40 हजार पगार आला, 4 हजार बाजूला, विषय संपला. पाळकालाही घर चालवता येते, नाहीतर गावचा पाळक कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून तीन गावं फिरते अन् महिन्याच्या शेवटी किराणा उधार आणते.

पण शेतकऱ्याचं गणित बघा. समजा पाच एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल धरलं तर तीस क्विंटल, भाव साडेचार हजार, म्हणजे 1 लाख 35 हजार. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, हडंबा सगळं मिळून एकरी वीस हजार गेले तर खर्च 1 लाख. हातात राहिले 35 हजार. आता पूर्ण विक्रीवर दशांश काढला तर 13,500, म्हणजे हातातल्या शंभरातले अडतीस-एकोणचाळीस. निव्वळ कमाईवर काढला तर 3,500. नाव दोघांचंही दशांशच, पण एका घराचं वर्ष निघते अन् दुसऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागते. अन् पावसानं घात केला, एकरी तीनच क्विंटल झालं, तर साडेसदुसष्ट हजाराचा माल अन् खर्च 1 लाख, तिथं विक्रीचा दहावा हिस्सा मागणं म्हणजे कर्ज काढून दे म्हणणं झालं. ‘आधी विश्वासानं द्या, मग बरकत बघा’ असं स्टेजवरून सांगणाऱ्याला कृषी केंद्राची उधारी फेडायची नसते.

अन् वचन पूर्ण वाचा ना. बायबलाच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 14 व्या अध्यायात, दशांशाचा बराचसा भाग कुटुंबानं स्वतःच देवासमोर बसून खायचा आहे, लांब राहत असाल तर विकून पैसे न्या अन् तिथं घेऊन खा असं लिहिलंय, अन् दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती), परका, अनाथ अन् विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. विधवेचा हिस्सा दशांशात आधीच लिहिलेला आहे, अन् आपल्या भागात कर्जापायी किती बाया एकट्या पडल्या ते सांगायची गरज नाही. मलाखीच्या त्याच तिसऱ्या अध्यायात, दहाव्या वचनाच्या पाच वचनं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यावर देव साक्ष देईन म्हणते. सोंगणीच्या बायांची रोजदारी थकवून रविवारी पाकीट देणाऱ्याला मी तरी आधी पाचवं वचन वाचायला सांगीन.

आता दुसरी बाजू, मनात ठरवून अर्पण. हे पौलाचं, त्यानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, 2 करिंथ 9:7, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणं द्यावं, दुःखानं नाही, भाग पडलं म्हणून नाही. त्याच पत्रात 8:12 मध्ये तर शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट आहे, जे जवळ आहे त्याप्रमाणं दिलेलं मान्य होते, जे नाही त्याप्रमाणं नाही. नापिकीच्या वर्षी ह्या वचनाचा मोठा आधार वाटते. पहिल्या मंडळीत दशांशाची वसुली झाल्याचं नव्या करारात दिसत नाही. पुढं युरोपात राजानं तो कायदा केला, शार्लमेननं 779 मध्ये, अन् इंग्लंडात शेतीवरचं चर्चचं ते देणं पार 1936 च्या कायद्यानं बंद झालं, मधल्या काळात शेतकरी चर्चवर किती चिडून राहत होते याची कल्पना करा.

पण ह्या बाजूची खोट मी थैली मोजताना बघतो. ‘मनाला येईल ते’ म्हटलं की मनाला दहाची नोट येते. लग्नात लाखाचा डीजे लावणारं घरसुद्धा दहाची नोट टाकते, अन् पौल म्हणते मनात ठरवून, म्हणजे ठरवायला पाहिजे ना आधी, थैली समोर आल्यावर खिसा चाचपणं म्हणजे ठरवणं नाही. 1 करिंथ 16:2 मध्ये तर सरळ सांगितलंय की आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणं बाजूला काढून ठेवा. सूट आकड्यात दिली आहे, आधी काढून ठेवण्यात नाही.

ज्यांची कमाई वाढत चालली, घरात दोन पगार आहेत, त्यांना उलट दशांश कमीच पडते असं माझं मत. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीनं ऑक्सफर्डच्या आपल्या गटातल्या एकाचा हिशोब लिहून ठेवलाय, तो बहुतेक त्याचा स्वतःचाच मानतात. कमाई 30 पौंड तेव्हा 28 मध्ये भागवलं अन् 2 दिले, पुढच्या वर्षी 60 झाली तरी 28 मध्येच भागवलं अन् 32 दिले. मास्तर लोकांनी हे वाचावं, पगार आयोग लागला की पहिले कार बुक होते.

तिसरा पर्याय मोबाईलवरच्या प्रचारकांचा. बीज पेरा, शंभरपट घ्या, खाली क्यूआर कोड. याची मी तुलनाच करत नाही, पैसे लावून पैसे मागणं हे अर्पण नाही, सट्टा आहे. ते पैसे कुठं गेले हे तुम्ही विचारू शकत नाही, गावच्या मंडळीत निदान हिशोबाची वही मागता येते. वही दाखवत नसतील तर तिथंही हात आखडता घ्या.

तर कोणी काय निवडावं. पक्का पगार असलेल्यानं दशांशापासून सुरू करावं अन् वाढवत जावं. शेतीवाल्यानं दर महिन्याच्या फंदात पडू नये, वर्षातून दोनदा, सोयाबीन विकल्यावर अन् कापूस-तूर संपल्यावर, बी-खताची उधारी अन् मजुरी चुकती करून जे राहिलं त्यावर हिस्सा ठरवावा, दहावा झेपला तर दहावा, नाहीतर विसावा. नगद नसेल तर तुरीचा एक कट्टा हंगामाच्या सणाला न्या, लिलावात कधीकधी बाजारापेक्षा जास्त भाव येते अन् सगळ्यांना मजा येते ती वेगळी. ज्याच्याकडं शेत नाही, फक्त रोजदारी आहे, त्याच्यावर टक्का लावूच नये, बायबलाच्या लेवीय पुस्तकात तर शेतकऱ्यालाच सांगितलंय की धुऱ्यापर्यंत कापू नका, सरवा गरिबासाठी सोडा, म्हणजे तो घेणारा आहे. अन् आईबापाचा दवाखाना बाकी ठेवून चर्चला दिलं तर येशू मार्क 7 मध्ये त्याच गोष्टीवर परूशी नावाच्या कट्टर धर्मपंथाच्या लोकांना झापते, अर्पण केलं म्हणून आईबापाची जबाबदारी सुटत नाही.

एक मात्र करू नका, कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या सभेत, जोशात हात वर करून आकडा बोलणं. बायबलात हनन्या अन् सप्पिरा ह्या नवराबायकोनं जमीन विकली, थोडे पैसे ठेवून बाकीचे सगळेच म्हणून दिले, त्या गोष्टीत येशूचा शिष्य पेत्र स्पष्ट म्हणते की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, म्हणजे कमी देण्यासाठी त्यांना कोणी धरलं नव्हतं, जास्त दिल्याचं दाखवलं तिथं फसले. घरी या, बायकोसोबत बसून वही काढा, आकडा दोघांनी ठरवा, मग द्या.