तीस दिवसांचा निवासी शिवणवर्ग: एका प्रशिक्षणार्थीचा अनुभव

बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, विदर्भातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, मी गेल्या हिवाळ्यात महिलांच्या शिवणकामाचा 30 दिवसांचा निवासी वर्ग पूर्ण केला. कर्नाटकातील उजिरे येथे 1982 साली सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर अशी केंद्रे पुढे देशभर निघाली. शिकणे, राहणे आणि जेवण यांपैकी कशालाच पैसे पडत नाहीत, हे आमच्या गावात सांगितले तर आधी कोणाला खरेच वाटत नाही.

शिकवणीबद्दल माझी तक्रार नाही. पहिला आठवडाभर बाईंनी कापडाला हात लावू दिला नाही, जुन्या वर्तमानपत्रांवर मापे टाकून कागदच बेतायला लावले. तेव्हा कंटाळा आला. परंतु कटोरी ब्लाउजचा मुंढा अर्धा इंच चुकला तर काखेत घोळ कसा येतो, आणि जास्त कापले गेलेले कापड उसवून परत मिळत नाही, हे त्या कागदांनीच शिकवले.

अडचण मशीनची झाली. केंद्रात सगळा सराव मोटारीच्या मशीनवर होता, घरी मात्र सासूबाईंची जुनी पायमशीन, आणि गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. पायाची लय बसून टीप सरळ येईपर्यंत पंधरा दिवस गेले. चार पायमशीन ठेवणे केंद्राला जड जाऊ नये.

वेळही चुकीची निवडली होती. आमच्या बचत गटातील चौघींनी नावे दिली होती, प्रत्यक्षात दोघीच आलो, कारण कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि ऐन हंगामातला महिना बुडवणे मजूर बाईला परवडत नाही. वर्ग मार्चमध्ये घेतला तर शेते मोकळी असतात. कूलर लावावे लागतील, तेवढेच.

मुद्रा योजनेतील 50 हजार रुपयांपर्यंतच्या शिशु कर्जाची माहिती शेवटच्या दिवशी घाईने उरकली गेली. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत आहे. मला आजवर एक फोन आला, तोही फोटो मागण्यासाठी.

तरीही आज मी शेजारच्या बायकांचे अस्तराचे ब्लाउज शिवून देते, म्हणून हा वर्ग करावा असेच सांगेन. जाताना घरची कात्री सोबत न्यावी, तिथल्या बोथट आहेत.