मानपाड्याचा फोकाच्चा: पालथा धरून खा

दुकानाचं नाव लिहीत नाही. कारण साधं आहे. खाली दोन-तीन तक्रारी येणार आहेत आणि मला परवा पुन्हा तिथेच ब्रेड आणायला जायचंय. शोधायचंच असेल तर खूण सांगतो. घोडबंदर रोडवरून मानपाड्याला आत वळलात की एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्ती आणि दोघांच्या बेचक्यात चार टेबलांचं हे इटालियन दुकान. पाटी आहे, पण सकाळी नऊच्या आधी गेलात तर पाटी वाचायची गरज पडत नाही, वासच नेऊन सोडतो.

मी बोटीवर होतो. सेकंड इंजिनियर म्हणून निवृत्त झालो, आता नौपाड्यात असतो. १९९४ साली आमची बोट दुरुस्तीसाठी जेनोवाच्या ड्राय डॉकमध्ये नऊ आठवडे अडकून पडली होती. माझं इटलीचं ज्ञान तेवढंच. रोम पाहिलं नाही, व्हेनिस फक्त कॅलेंडरवर पाहिलंय. पण ते नऊ आठवडे रोज सकाळी साडेसहाला, समोर लांतेर्ना दीपस्तंभ (१५४३ सालचा, ७७ मीटर उंच, अजून चालू), हातात यार्डाच्या फाटकाबाहेरून आणलेला गरम फोकाच्चा (तेलामिठाचा चपटा पाव), असे काढलेत. तेव्हा लिरा होता, नोटेवर शून्यच शून्य, त्यामुळे किती पैसे दिले हे कधी कळलंच नाही. चव मात्र पाठ आहे. त्या एका पदार्थाबाबत माझ्याशी वाद घालू नका.

आपल्याकडे फोकाच्चा म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा केकसारखं फुगलेलं असतं आणि वर टोमॅटो, ऑलिव्ह, सिमला मिरचीची रांगोळी. फोटोत बरं दिसतं. जेनोवाचा फोकाच्चा दोन सेंटिमीटरच्या वर सहसा जात नाही आणि त्याच्यावर काही नसतं. कांद्याचा मिळतो, सेजच्या पानांचा मिळतो, पण रोजचा खायचा तो बोडकाच. तेल आणि मीठ.

या दुकानात तो बोडका मिळतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा काउंटरपाशी जरा थांबलोच.

मालकीण तिशीतली, मूळची देवरुखकडची, आधी एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत होती. मला काका म्हणते. माझ्या सूचना ऐकून घेते, मानते किती हा भाग वेगळा. तिनेच एकदा आत बोलावून दाखवलं. पीठ ताटभर पसरून फुगलं की ती दोन्ही हातांची बोटं त्यात खुपसते, पार तळाला टेकेपर्यंत. मग कोमट पाणी, तेल आणि मीठ एका बरणीत घालून बरणी हलवत राहते. पातळ ताकासारखं पांढुरकं झालं की ते सगळंच्या सगळं त्या खळग्यांवर ओतते. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, वाटतं गेलं, पीठ बुडालं. तसंच पाण्यात बसलेलं पीठ ती अजून तासभर ठेवते. भट्टीत पाणी उडून जातं, मीठ आणि तेल मागे राहतं. म्हणून उंचवटे सोनेरी आणि कुरकुरीत, खळगे मात्र पांढरे, ओलसर आणि खारट. तिकडे या पाण्याला सालामोया म्हणतात. हे ज्याने केलं नाही त्याने नुसता पाव केला, बाकी काही नाही.

खायचा कसा, हेही सांगतो. यार्डात एक म्हातारा फिटर होता. मी सरळ धरून खातोय हे बघून त्याने तुकडा माझ्या हातातून घेतला, पालथा केला आणि परत दिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. मुद्दा कळला. मिठाची बाजू जिभेवर आली पाहिजे. आणि जेनोवाची माणसं सकाळी हाच तुकडा कापुचिनोत बुडवून खातात. नाक मुरडू नका. चहात खारी बुडवणाऱ्यांनी तर नाहीच नाही. दुकानातली कॉफी त्यासाठी चांगली आहे, दूध जाळलेलं नसतं, फेसही बेताचा.

सुरुवातीला ती तुकड्यावर विकायची, १२० रुपयांना एक. कोपऱ्यातला तुकडा आला तर नशीब फुटकं, मधला आला तर लॉटरी. मी म्हटलं, अगं, तिकडे हा वजनावर विकतात. ‘उन एत्तो’ म्हणायचं, म्हणजे शंभर ग्रॅम, की बाई सुरी टेकवून विचारते, इथे कापू? तिने खरंच काटा आणला. आता ९० रुपयांना शंभर ग्रॅम, आणि फळ्यावर खडूने लिहिलंय ‘१ एत्तो = १०० ग्रॅम’. मागच्या आठवड्यात एक आजी विचारत होत्या, एत्तो म्हणजे कुठलं पीठ गं, नाचणीसारखं असतं का?

आता तक्रार. मेन्यूवर छापलंय की आम्ही फक्त एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल वापरतो. आत फडताळावर पाच लिटरचा डबा दिसला तो पोमेसचा. ऑलिव्ह दाबून तेल काढल्यावर जो चोथा उरतो त्यातून द्रावक वापरून उरलंसुरलं तेल काढतात, ते शुद्ध करून त्यात थोडं चांगलं तेल मिसळतात, ते हे पोमेस. खायला वाईट नाही. पण एक्स्ट्रा व्हर्जिनचा तो हिरवा, घशाला किंचित झोंबणारा तिखटपणा त्यात नसतो. विचारलं तर लपवाछपवी केली नाही. म्हणाली, “काका, भट्टीत जातं ते पोमेस, बाहेर काढल्यावर वरून लावते ते एक्स्ट्रा व्हर्जिन. सगळं तेच वापरलं तर शंभर ग्रॅम दीडशेला पडतील. घ्याल?” घेईन की नाही माहीत नाही, पण मग मेन्यूवर तसं लिही म्हटलं. महिना झाला. मेन्यू तोच आहे.

शनिवारी मात्र सगळं माफ. शनिवारी फारिनाता असतो.

फारिनाता म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल. संपली कृती. एका भागाला तीन भाग पाणी, चार-सहा तास झाकून ठेवायचं, वर आलेला फेस काढायचा, मग कल्हई केलेल्या तांब्याच्या रुंद परातीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीचं ओतून भट्टीत. दंतकथा अशी सांगतात की १२८४ साली मेलोरियाच्या लढाईत जेनोवाने पिसाचं आरमार बुडवलं, परतताना वादळ लागलं, पिठाची पोती आणि तेलाची पिंपं फुटून खाऱ्या पाण्यात कालवली गेली, आणि उपाशी खलाशांनी तो लगदा उन्हात वाळवून खाल्ला. खरं-खोटं देव जाणे. बोटीवरच्या मेसमध्ये जेवलेला माणूस या गोष्टीला चटकन खोटं म्हणणार नाही.

परातीसाठी पोरीने जी वणवण केली ती ऐकण्यासारखी आहे. तांब्याची परात बाजारात मिळाली, पण कल्हईवाला ठाण्यात सापडेना, भिवंडीला जाऊन कल्हई करून आणली. आणि पहिल्याच शनिवारी परात रिकामीच भट्टीत तापवली. कल्हई म्हणजे कथील, कथील २३२ अंशांना वितळतं, भट्टी तीनशेवर. झाली कल्हई गोळा. मी म्हटलं, परात तापवायची नाही, पीठ ओतूनच आत ढकलायची, पिठात पाणी आहे तोवर तळ फार तापत नाही. इंजिनरूममध्ये काढलेली इतकी वर्षं शेवटी चण्याच्या पिठाच्या कामी आली.

पिठाचंही तसंच. आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, तिकडचं पीठ पांढऱ्या, मोठ्या चण्याचं, आपण छोल्यांना वापरतो त्या जातीचं. नुसत्या बेसनाचा केला तेव्हा सगळ्या दुकानात भज्यांच्या घाण्याचा वास, आणि चवीला कच्चट. आता ती काबुली चणे दळून आणते. गिरणीवाला कुरकुरतो, जात्याला वास लागतो म्हणतो, म्हणून तिचा नंबर रात्री सगळ्यात शेवटी.

आमच्या हिने पहिला घास खाऊन निकाल दिला, “हे धिरडं आहे.” धिरडं नाही. कड पापडासारखी, वरचा पापुद्रा खरपूस, आणि मध्ये खरवसासारखं मऊ, थरथरतं. वर भरड मिरपूड, बस. ती म्हणाली, “धिरड्याचं नाव बदललं की दीडशे रुपये.” आणि तीन तुकडे खाल्ले, त्यातला एक माझा.

एकदा सकाळी फोन करून ‘ठेव गं दोन’ असं सांगून निघालो, कासारवडवलीच्या दिशेने जाणारी सगळी वाहतूक आमच्याच रिक्षासमोर उभी. पोचलो सव्वाबाराला. संपलेला. ठेवला होता, पण काउंटरवरच्या मुलाने दुसऱ्याच काकांना दिला. त्याच्या दृष्टीने सगळे पांढऱ्या केसांचे काका एकच. रिक्षाचे जाऊन-येऊन साडेतीनशे गेले आणि हातात उरला कालचा फोकाच्चा. (तो मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चिवट होतो. तव्यावर झाकण न ठेवता दोन मिनिटं.)

संध्याकाळी जाऊ नका. हे स्पष्टच लिहितो. संध्याकाळी तिचा नवरा स्वयंपाकघर बघतो आणि पास्ता करतो. मुलगी-जावई आले होते म्हणून मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो, पेस्तो मागवला. जेनोवाचा पेस्तो म्हणजे बेसिलची कोवळी पानं, लसूण, पाइनचे दाणे, चीज, जाडं मीठ आणि तेल, संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटलेलं. त्याला आच लावायची नाही. पास्ता उकळल्याचं दोन पळ्या पाणी घालून सैल करायचा आणि तसाच कालवायचा. आमच्यासमोर आला तो क्रीममध्ये शिजवलेला. रंग तळ्यावरच्या शेवाळाचा, चव पुदिन्याच्या चटणीत मलई कालवल्यासारखी. ४८० रुपये. जावई सभ्य आहेत, “छान आहे बाबा” म्हणाले.

पाइनच्या दाण्यांऐवजी काजू घालतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. देवरुखच्या पोरीने काजू नाही घालायचे तर कोणी घालायचे? चीजबद्दलही ती आपण होऊन सांगते, की पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवायचं विरजण, असतं म्हणून ती ते वापरत नाही, इथलं, शाकाहारी रेनेटचं वापरते. आमच्या बिल्डिंगमधल्या कट्टर शाकाहारी शेजाऱ्यांना हे ऐकून घाम फुटला, कारण गेली पाच वर्षं ते परदेशातून आणवलेलं पार्मिजानो पापड-कुरडयांवर किसतायत. खरा घोटाळा पानांचा आहे. मोठी, जून पानं घेतली की पेस्तोला पुदिन्याची चव येते. बेसिल म्हणजे दुसरं काही नाही, आपला सब्जा, ज्याचं बी फालुद्यात घालतो तो. कुंडीत लावायचा, पानं कोवळी असतानाच खुडायचा. इतकं सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सगळं तिला ऐकवलं. शिवाय हेही सांगितलं की जेनोवात पेस्तोच्या पास्त्याबरोबर त्याच पातेल्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकळतात.

“काका, पास्त्यात बटाटा?”

“पावात बटाटा चालतो ना तुला?”

हसली. पण मेन्यूवर अजून क्रीमच आहे. नवऱ्याचं म्हणणं, लोक तेच मागतात. असेल. मीही एकदा मागून बसलोच होतो.

तिरामिसू (इटालियन गोड पदार्थ) बिनअंड्याचा आहे, वर चॉकलेट सॉसची नक्षी. त्याबद्दल एवढंच.

पंखे दोनच आहेत आणि मे महिन्यात भट्टीच्या बाजूच्या टेबलावर बसणं म्हणजे बोटीत बॉयलरशेजारी पाळी करण्यासारखं आहे, दाराजवळचं टेबल धरा. पार्किंग नाही. सोमवारी बंद. फोकाच्च्याचं पहिलं ताट सव्वाआठला निघतं, दुसरं साडेनऊला, अकरानंतर जे उरतं ते उरलेलंच. फारिनाता फक्त शनिवारी, साडेदहापासून, दोन पराती. फोन करून ठेवायला सांगितलंत तर नाव नीट सांगा, नुसतं काका म्हणू नका. दुसऱ्या परातीतले चार तुकडे आता माझ्या आडनावाने बाजूला काढलेले असतात, ते मागू नयेत.