मुरमाच्या मैदानासाठी पाच नंबरचा रबरी फुटबॉल: घ्यावा का?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच सुटली की संध्याकाळी गल्लोगल्ली तीच फ्री किक आणि तोच टर्न पुन्हा खेळून बघितला जातो. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, तेव्हा पोरांना हुरूप कुठून आणायचा हा प्रश्नच नाही. अडतं ते बॉलपाशी. गवतावर पायाला चिकटून चालणारा पीयूचा (पॉलीयुरेथेनच्या मऊ आवरणाचा) मॅच बॉल खडे वर आलेल्या मैदानावर लवकर सोलपटतो. स्वस्तातला पीव्हीसीचा बॉल उन्हात कडक होऊन तडकतो. या दोन्हींच्या मधला, आणि आपल्या मैदानांसाठी आमच्या मते सर्वांत शहाणा पर्याय म्हणजे हाताने शिवलेला, 32 तुकड्यांचा रबरी बॉल. जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडची बॉल बनवणारी मोठी गावं.

दुकानात बॉल आधी हवा भरून मागा. 20 षटकोनी आणि 12 पंचकोनी तुकडे जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर अंगठा दाबा. टाक्यांत फट दिसली तर तो बॉल परत ठेवा. मग फरशीवर हळू घरंगळत सोडा. सरळ न जाता डुलत गेला तर ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, एकीकडे बसलेलं आहे किंवा शिवण ओढली गेली आहे. पाच नंबर म्हणजे मोठ्यांचं माप: घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम हवं. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन कळतं, लाजू नका. आठ ते बारा वर्षांच्या पोराला मात्र एक माप लहान, चार नंबरच घ्या. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून पाच नंबर घेतला की पोरगं पायाच्या पंज्याऐवजी बोटांनी मारायला शिकतं, आणि ती सवय पुढं जाता जात नाही.

ब्लॅडर ब्युटिल रबराचं आहे का ते विचारा. लॅटेक्सचं ब्लॅडर जास्त जिवंत उसळतं, पण त्यातली हवा फार लवकर उतरते. रोज पंप शोधत बसायची तयारी नसेल तर ब्युटिलच बरं.

आता उणी बाजू. रबर उसळतं फार. कठीण जमिनीवर पहिला टप्पाच गुडघ्याच्या वर येतो आणि ट्रॅपिंग (आलेला बॉल पायाशी थांबवणं) शिकणारा वैतागतो. हेडिंगला कपाळ झणझणतं, आणि पीयूसारखा बॉल वळवणं अवघड जातं. यावर थोडाफार इलाज हवेचा आहे. नियमात दाब 0.6 ते 1.1 वातावरण, म्हणजे साधारण 8.5 ते 15.6 पीएसआय (चौरस इंचावर पौंड), सरावाला मुरमावर 7 ते 8 पुरे. एवढ्याने उसळी आटोक्यात येते आणि टाक्यांवरचा ताणही कमी होतो. एप्रिल-मेमध्ये तर हे पाळाच. सकाळी 25 अंशांना 8 भरलेला बॉल उन्हात 50 अंशांपर्यंत तापला की आतला दाब 10 च्या घरात जातो. बॉल अंड्यासारखा होण्याचं एक मोठं कारण हेच. दुसरं कारण म्हणजे त्यावर बसणारी राखीव फळी.

हवा भरताना निडल ओली करा आणि सरळ घाला. कोरडी किंवा तिरकी घातली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं, आणि तिथून दुरुस्ती नाही. हवा कुठून जाते ते बघायला साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि शिवणीवर लावा. बुडबुडे व्हॉल्व्हशी आले तर आधी एक थेंब ग्लिसरीन आत सोडून बघा. शिवणीतून आले तर ब्लॅडरला भोक आहे असं समजा.

झिजतो तो टाका, रबर नव्हे. मुरूम शिवणीवरचा दोरा घासून टाकतो आणि एक टाका तुटला की शेजारचे सैल होत जातात. उसवलेलं पहिल्या बोटभर अंतरातच शिवून घ्या. चपला शिवणारा कारागीर मेणाच्या दोऱ्याने हे करून देतो, मात्र आधी हवा पूर्ण काढा, नाहीतर सुई ब्लॅडरमध्ये जाते. चिखलात खेळल्यावर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. शिवणीतून आत गेलेलं पाणी बॉल जड करतं आणि दोरा कुजवतं.

तालमीच्या ज्युनिअर पोरांना, शाळेच्या सरावाला आणि सुट्टीतल्या गल्लीच्या मॅचला हा बॉल डोळे झाकून घ्यावा. भाड्याच्या टर्फवर खेळणाऱ्यांनी मात्र घेऊ नये. तिथे खडे नाहीत, त्यामुळे रबराचा टिकाऊपणा वाया जातो आणि फक्त उसळी उरते. आठवड्यातून दोनदा टर्फ आणि बाकी मैदान, असं असेल तर पीयूचा एक बॉल वेगळा ठेवा आणि तो मैदानावर कुणी मागितला तरी देऊ नका.