महेश्वर: आधी नाव, मग पायऱ्या

इंदूरहून नर्मदेकाठच्या महेश्वरला जाणारे बहुतेक जण गाडी वर किल्ल्यापाशी लावतात, अहिल्याबाईंचा वाडा बघतात, पायऱ्या उतरून घाटावर येतात आणि ऊन चढल्यावर नावेत बसतात. मी पाहुण्यांना बरोबर उलटं करायला लावते. सकाळी आधी नाव, मग पायऱ्या. हे गाव नदीकडे तोंड करून बांधलंय, ते नदीतूनच पूर्ण दिसतं. घाटावर उभं राहिलं की एकेक तुकडा दिसतो.

माझा महेश्वरी साड्यांचा घरगुती व्यवसाय आहे, इंदूरच्या सुदामानगरात. मालासाठी महेश्वरला जाणं-येणं चालूच असतं. या पौषात पुण्याची आत्या आणि तिची सून सोबत होत्या. आत्याची पंचाहत्तरी झाली आहे, गुडघे दुखतात. त्यामुळे वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांसाठीही यात काही उपयोगाचं सापडेल.

अहिल्या घाटावर नावा लागलेल्या असतात. पहिला प्रश्न येतो, "सवारी से जाओगे कि पूरी नाव?" चार-पाच जण असाल तर पूर्ण नाव घ्या. दुसऱ्यांची वाट बघत बसावं लागत नाही आणि नाव हवी तिथे थांबवता येते. आमचे तासाभराचे ६०० रुपये ठरले. बसण्याआधी दोन गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्या: नदीतल्या बाणेश्वरच्या देवळाशी उतरवणार का, आणि तिथे किती वेळ थांबणार. एवढं आधी ठरलं की पुढे कटकट होत नाही.

आणि नाव वल्ह्याचीच मागा. मोटरची नाव पटकन फिरवून आणते, पण तिच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, धूर नाकात जातो आणि किल्ला डोळ्यांसमोरून सरकून जातो. सकाळच्या नदीवर देवळातली घंटा, कपडे धोपटण्याचा आवाज, "नर्मदे हर" असं सगळं पाण्यावरून येत असतं. त्यासाठीच तर जायचं.

नाववाल्याने आत्याला ज्या पद्धतीने चढवलं, ते मला फार आवडलं. "माताजी, पहले किनारे पे बैठ जाओ, फिर पैर अंदर लो." तिने हात धरून उडी मारावी, असं त्याने सुचवलंही नाही. नाव पायरीला टेकवून धरली, तिला काठावर बसवलं, मग एकेक पाय आत. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस नेताना हेच सांगा.

किल्ला उत्तर काठावर आहे आणि नदी पश्चिमेला वाहते. म्हणजे नदीच्या मधोमध येऊन किल्ल्याकडे बघितलं की सकाळचं ऊन उजवीकडून तिरपं पडतं. झरोके, सज्जे, कोरीव पट्टे, सगळं उठून दिसतं. दुपारी तेच दगड सपाट वाटतात. मल्हाररावांच्या पश्चात १७६७ मध्ये अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि राजधानी इथे आणली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर ती इंदूरला गेली. पन्नासेक वर्षांत एवढा काठ बांधून निघाला. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं, हे सगळं बाईमाणसाने उभं केलं, आणि राहायला स्वतःला केवढासा वाडा!" नंतर वाड्यात गेल्यावर तिला याची आणखी खात्री पटली. तिथली गादी बघा, किती साधी आहे.

बाणेश्वरचं देऊळ नदीच्या मध्यावर खडकावर आहे. छोटंसं, पण पाण्यात पाय रोवून उभं. उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला नावेतच काढून ठेवा. परिक्रमावासी, म्हणजे नर्मदेची पायी परिक्रमा करणारे, इथे येत नाहीत, कारण परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. ते काठाकाठाने जाताना दिसतात, पाठीवर गाठोडं, हातात काठी. आमच्या नाववाल्याने त्यांच्याकडे बघून हात जोडले, तेव्हा आम्हीही जोडले.

समोरच्या काठावर नावडाटोली. हे नाव पुण्याच्या माणसांनी ऐकलेलं असायला हवं. १९५२-५३ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी बडोद्याच्या विद्यापीठाबरोबर महेश्वर आणि नावडाटोलीला उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती तिथे निघाली. लाल खापरांवर काळ्या रंगाची नक्षी, त्यात त्रिकोण, चौकटी, तिरप्या रेघा. मी साडीच्या किनारीत रोज जे बघते, त्याच्या फार जवळचं. नाववाले तिकडे आपणहून नेत नाहीत, सांगावं लागतं. बघायला बांधलेलं काही नाही, तरी त्या काठावरून महेश्वरचा सगळा पसारा एका नजरेत येतो. माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात.

इंदूरकरांना आणखी एक सांगते. आपल्या नळाला येणारं पाणी याच नदीचं. मंडलेश्वरजवळ जलूदला, म्हणजे महेश्वरच्या थोडं वरच्या अंगाला, ते उपसतात आणि सुमारे ७० किलोमीटर नळांतून विंध्य चढवून शहरात आणतात. १९७० मध्ये इंदूरने त्यासाठी मोठं आंदोलन केलं होतं. माझ्या सासूबाई अजूनही पिण्याच्या पाण्याला 'नर्मदा' म्हणतात. "नर्मदा आली का?" असं विचारतात. नावेत बसून ओंजळीत पाणी घेताना हे मनात असू द्या, आणि हार-फुलांची प्लॅस्टिकची पिशवी नदीत टाकू नका.

तक्रारही आहे, आणि ती गंभीर आहे. बुडू नये म्हणून घालायची लाइफ जाकिटं मागितल्यावर मिळाली, पण फळीखालून ओली निघाली आणि एकाचं बकल तुटलेलं. मी दुसरं आणायला लावलं. लहान मुलं सोबत असतील तर हट्ट धरा, जाकीट बांधल्याशिवाय नाव हलू देऊ नका. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, तिथून पाणी सोडलं की पातळी वाढते. आदल्या दिवशी उघड्या असलेल्या खालच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी पाण्यात असू शकतात. पावसाळ्यात तर नावेचा विचारच नको. दरपत्रकही मला कुठे दिसलं नाही. सुट्टीच्या दिवशी एका दुसऱ्या नाववाल्याने याच फेरीचे दुप्पट मागितले होते.

नावेतून उतरल्यावर वर चढायची घाई करू नका. आधी घाटाघाटाने आडवं चाला. फणसे घाटाशी थांबा. अहिल्याबाईंचे जावई यशवंतराव फणसे १७९१ मध्ये गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. मुलगा मालेराव आधीच गेलेला, नातूही गेलेला. आईने तिला थांबवायचा खूप प्रयत्न केला. त्यानंतर चार वर्षांनी, १७९५ मध्ये, अहिल्याबाई गेल्या. या घाटांवर सतीचे दगड अजून आहेत आणि त्यांच्या शेजारीच बायका कपडे वाळत घालतात.

वर आलं की एका बाजूला अहिल्येश्वराचं देऊळ, समोर विठोजींची छत्री, म्हणजे त्यांचं दगडी स्मारक. जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे. विठोजी होळकरांना १८०१ मध्ये पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर यांनी हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. आत्या हडपसरलाच राहते. तिने त्या हत्तींवरून हात फिरवला आणि सुनेला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

माझ्या धंद्यातलं बघायचं ते इथेच. छत्रीच्या आणि किल्ल्याच्या भिंतीवरचे आडवे कोरीव पट्टे अगदी डोळे लावून बघा. एका पट्ट्यात चटईची वीण, दुसऱ्यात विटा, कुठे हिरा, कुठे फूल, आणि खाली लहर, जी विणकर नर्मदेची म्हणतात. हेच सगळं साडीच्या काठात उतरलंय. साडी घ्यायची असेल तर हे बघून मगच मागावर जा. ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा असतो, म्हणून साडी हलकी आणि तरी झळाळणारी. बुगडी काठ मागा, तो दोन्ही बाजूंनी वापरता येतो. बाणा टाकताना विणकर क्षणभर थांबून धागा बोटाने सारखा करतो, तेवढं नीट बघा. किंमत का पडते, ते कळतं. किल्ल्यातली रेहवा सोसायटी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकरांनी सुरू केली. मरगळलेल्या मागांना तिने पुन्हा काम दिलं. तिथे बायका माग चालवताना बघायला मिळतात.

सकाळी वाड्यात काळ्या मातीची छोटी शिवलिंगं घडवून पूजा होते आणि ती नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनचा हा नेम आहे. नावेतून लवकर परत आलात तर पूजा चुकत नाही.

सहस्रधारा गावाच्या खालच्या अंगाला, जलकोटीला आहे. नदी खडकांतून असंख्य धारांनी फुटते, तिथे नाव जात नाही, गाडीनेच जा. खडक निसरडे असतात, पट्ट्याच्या चपला घाला. एकमुखी दत्ताचं देऊळ तिथेच आहे, त्यामुळे आपली मराठी मंडळी भरपूर भेटतात. आत्याला तिथे पायऱ्या झेपल्या नाहीत, ती गाडीजवळच्या सावलीत बसली. म्हणून वयस्कर माणसं बरोबर असतील तर सहस्रधारा दुसऱ्या दिवशी ठेवा, किंवा सोडून द्या. नाव मात्र सोडू नका.